मखमल्या बोलायचा तेव्हा

रेडिओत होते तितकी सगळी वर्षं मी एका माणसावर जळले. थोडंथोडकं नाही, अगदी मनापासून. आता कुणी म्हणेल, बाई, वय झालं, आता तरी सोडा. कशाला सोडू? नोकरीतलं बाकी सगळं मी केंद्राच्या फाटकापाशी परत करून आले. हे एवढं माझं स्वतःचं आहे.

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता, हीच पंचाईत. पुणे केंद्रावरच्या आमच्या कार्यक्रमाचा तो निवेदक. त्याच्या आवाजाला सगळे मखमली म्हणायचे. साहेब म्हणायचे, कँटीनवाला म्हणायचा, श्रोते तर पोस्टकार्डावर लिहून कळवायचे. तो शब्द कानावर पडला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणून मनातल्या मनात मी त्याला मखमल्या म्हणायला लागले, आणि पुढं तेच नाव माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

कार्यक्रम दर गुरुवारी संध्याकाळी लागायचा. जिल्ह्यातल्या गावांत जायचं, माणसांना बोलतं करायचं, आणि ते बोलणं निवेदनात गुंफून ऐकवायचं, असं त्याचं स्वरूप. त्यातलं जायचं माझ्याकडे आणि ऐकवायचं त्याच्याकडे. शिरूर आणि दौंड हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले होते. खांद्याला रेकॉर्डर, पिशवीत जादा सेल आणि भाकरी, असं एसटीनं निघायचं. आडगावाला मिळेल त्या जीपनं किंवा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. परत आलं की कॅसेट त्याच्या टेबलावर ठेवायची. तो माझे प्रश्न कापून टाकायचा. तशी पद्धतच होती. उत्तरं तेवढी ठेवायची, आणि दोन उत्तरांच्या मधे निवेदकानं बोलायचं. म्हणजे धूळ मी खायची, आणि गुरुवारी संध्याकाळी ‘आज आपण आलो आहोत राहू या गावी’ असं तो म्हणायचा. राहूला जायचा रस्ता कुठून फुटतो हेसुद्धा त्या माणसाला माहीत नव्हतं.

मलाही निवेदकच व्हायचं होतं. नव्वदच्या सुमाराला मी आवाजाची चाचणी दिली तीही त्याच जागेसाठी. आमच्या दोघांची चाचणी एकाच दिवशी झाली. काचेपलीकडच्या साहेबांनी माझं वाचन संपल्यावर कानाला लावलेलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “वाचता छान. पण तुम्ही हाक मारल्यासारखं बोलता.” त्यात खोटं काही नव्हतं. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधे वाढलेली. आमच्याकडे गाडी जात असताना बोलायचं थांबवलं तर दिवसभरात एक वाक्य पुरं व्हायचं नाही. आमच्या चाळीत लोक प्रेमाचं बोलणंही ओरडून करायचे. साहेब म्हणाले, तुमचा आवाज मैदानातला आहे, तुम्ही मैदानातच बऱ्या. माझ्यामागून मखमल्या आत गेला आणि त्यानं ‘नमस्कार’ एवढंच म्हटलं असेल, साहेबांनी डोळे मिटून घेतले.

हे मला आप्पांना सांगायचं होतं, ते जड गेलं. आप्पा म्हणजे माझे वडील. लोको शेडमधे फिटर होते. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. शेडमधल्या आवाजानं त्यांचा एक कान जवळजवळ गेला होता, दुसऱ्यावर भागवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी लाइनीजवळच दोन खोल्या बांधल्या, कारण गाड्यांच्या आवाजाशिवाय त्यांना झोप लागत नसे. मला रेडिओत नोकरी लागल्यावर त्यांनी पेढे वाटले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, “पोरगी रेडिओत हाय.”

“कवा बोलते?” लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला.

“बोलंल की.”

असं ‘बोलंल की’ ते वर्षानुवर्षं म्हणत राहिले. समोरच्या घरातले एक मामा फार खवचट होते. एकदा मी घरी आले असताना पारावरून ओरडून म्हणाले, “काय गं, रेडिओत हायस तर ऐकू कशी येईनास? का नुसतं सेल बदलती तिथं?” सगळे हसले. आप्पाही हसले, पण घरात आल्यावर चहा घेतला नाही. मला आप्पांसाठी एकदा, फक्त एकदा, त्या डब्यातून बोलायचं होतं. ती जागा दुसऱ्यानं अडवून ठेवली होती आणि तो तिथं लोण्यासारखा बोलत होता. जळू नको तर काय करू?

कामाला लागले तेव्हा मला दोन गोष्टी शिकवल्या. माइक तोंडापासून किती लांब धरायचा ही एक. आणि समोरचा बोलत असताना आपण आवाज करायचा नाही, ही दुसरी. हं म्हणायचं नाही, अच्छा म्हणायचं नाही, नुसती मान हलवायची. मी हे घोकत पहिल्यांदा राहूला गेले. राहूला तेव्हा गुऱ्हाळं जोरात होती. काहिलीत रस उकळत होता आणि गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा म्हातारा गुळव्या माझ्यासमोर बसला होता. माणूस बोलका. त्यानं सुरुवातही झकास केली. मी शिकवल्याप्रमाणे तोंड घट्ट मिटून मान हलवत होते. दोन वाक्यं बोलून तो थांबला. माझ्याकडे बघायला लागला.

“बाई, काय चुकलं का?”

“नाही नाही, बोला ना आबा.”

पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा गप्प. शेवटी तो चुलवणात चिपाडं टाकणाऱ्याला म्हणाला, “ह्यास्नी पटंना झालंय. तोंड बघ की कसं केलंय.”

आमच्या भागात समोरच्यानं हं म्हटल्याशिवाय माणूस पुढं बोलतच नाही. व्हय, हं, बरं, मग, असं काहीतरी मधे मधे टाकावं लागतं. नाहीतर त्याला वाटतं आपण भिंतीशी बोलतोय, किंवा हिला राग आलाय. मी त्यातच वाढलेली, आणि पुण्याच्या एका शिकवणीत ते विसरून बसले होते. मी माइक जरा त्याच्याकडे सरकवला आणि म्हटलं, “हं.” म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. मग तो जो सुटला, तो कॅसेटची बाजू संपली तरी थांबेना.

तेव्हापासून मी हं म्हणायला लागले. सगळीकडे. शिरूरच्या बाजारात, वरवंडच्या तळ्यावर. सणसवाडीला कारखान्यांच्या मागच्या खोल्यांमधे मराठवाड्यातल्या आणि बिहारकडच्या कामगारांशी बोलायला जायचे. तिथला एकजण तर दर वाक्यानंतर “समझ रही हैं ना दीदी?” असं विचारायचा, आणि मी हां म्हटलं नाही तर तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. माणसं भडाभडा बोलायची. माझ्याइतकं बोलकं रेकॉर्डिंग केंद्रात कुणी आणत नसे, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते.

त्याचं कौतुक मात्र व्हायचं नाही. व्हायची ती कटकट. संकलन मखमल्या स्वतः करायचा. कॅसेटवरचं मोठ्या टेपवर घ्यायचं, टेप यंत्रावर पुढंमागं फिरवायची, नको असेल तिथं पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं कापायचं आणि उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. तो माझे हं एक एक करून कापायचा. करंगळीएवढे टेपचे तुकडे त्याच्या टेबलाखाली पडलेले असायचे. झाडणारी मावशी ते भरून न्यायची. मी बघत उभी असायचे. तो कधी तिरसट बोलायचा नाही, तेवढं जरी केलं असतं तरी मला भांडता आलं असतं. तो मऊ आवाजात म्हणायचा, “हा राहू द्यावा लागेल हो. त्यांच्या शब्दावरच बसलाय. कापला तर शब्द जाईल.” असं म्हणून तो हळहळायचा. असे बसलेले हं प्रत्येक कार्यक्रमात चार-दोन राहायचेच. मला स्वतःला ते ऐकताना लाज वाटायची. धुतलेल्या कपड्यावर डाग राहावा तसं वाटायचं.

बाकी कौतुकाचं सगळं त्याच्या टेबलावर. पोस्टकार्डं यायची ती त्याला. सर्दी झाली तर कँटीनमधून आल्याचा चहा त्याला. मी उन्हातून डोळे सुजवून आले तर मला विचारायचे, “कॅसेट आणली ना?” घसा त्याचा, म्हणून जपायचा. पाय माझे, ते काय, कुणालाही असतात.

कळस झाला वरवंडला. तिथल्या तळ्यावर मी भर उन्हाळ्यात बांधावरून चालून चालून एक कार्यक्रम केला होता. तळ्यावर मासे धरणारे, त्या पाण्यावर शेतं भिजवणारे, तळ्याकाठी लहानपण गेलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना गाठलं होतं. तो कार्यक्रम गाजला. गावच्या मंडळानं सत्कार ठरवला. सत्कार कुणाचा? मखमल्याचा! तो कडक इस्त्रीचा झब्बा घालून केंद्राच्या जीपमधून उतरला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वरवंड पाहिलं. “तळं कुठल्या बाजूला आहे?” त्यानं मला हळूच विचारलं. मी उलट्या बाजूला हात केला असता तर बरं झालं असतं, पण सवयीनं खरं सांगितलं गेलं. त्याला शाल, नारळ, फेटा. मला म्हणाले, ताई, जरा ताट धरता का. मी ताट धरलं. त्यानं भाषणात माझं नाव घेतलं, माझ्यामुळेच हे झालं असंही म्हणाला, आणि ते इतक्या गोड आवाजात म्हणाला की लोकांनी टाळ्या त्याच्या मोठेपणाला वाजवल्या.

त्या दिवशी आप्पा मुद्दाम दौंडहून आले होते. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत ते पुढं आले. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. ते मखमल्यापुढं जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब, आवाज म्हंजी आवाज हाय तुमचा. दर गुरुवारी ऐकतो.”

माझा बाप! ज्यानं माझ्यासाठी पेढे वाटले, तो माझ्या देखत त्याला हात जोडत होता. परतीच्या जीपमधे मखमल्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला होता आणि नारळ मला देऊ केला. मी म्हटलं, मला नारळ चालत नाही. कुणाला नारळ चालत नाही असं कधी ऐकलंय?

पुढं नवं शतक आलं आणि केंद्रात कॉम्प्युटर आले. टेप गेली, ब्लेड गेलं. आवाज आता पडद्यावर डोंगरांसारखा दिसायचा. मोठा डोंगर म्हणजे बोलणारा, मधली बारकी टेकडी म्हणजे मी. मखमल्या हे भराभर शिकला. टेकडीवर बोट ठेवायचा, एक कळ दाबली की टेकडी सपाट. त्यातच नवा रेकॉर्डर आला, त्याचा माइक सुपारीएवढा, बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा. त्यात माझा आवाज जेमतेम यायचा, शब्दावर बसलेला हंसुद्धा विरून जायचा. पहिला कार्यक्रम असा पुरा झाला तेव्हा त्यानं मला मुद्दाम बोलावून ऐकवला. “बघा, एकसुद्धा हं नाही. किती स्वच्छ!”

खरंच स्वच्छ होता. मलाही बरं वाटलं. डाग गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी मी सणासाठी दौंडला गेले. जेवणं झाली. आप्पा सुपारी कातरत बसले होते. बराच वेळ कातरलेलीच पुन्हा कातरत होते.

“तुझं कुणाशी भांडान झालं का तिथं?”

“कुठं?”

“रेडिओत.”

“नाही बाई. का?”

“मग काढलं का तुला? काढलं आसंल तर सांग. मी काय कुणाला बोलत न्हाई.”

“आप्पा, काढलं कुणी? मी परवाच शिरूरला जाऊन आले.”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “मग आता गुरवारची येत का न्हाईस?”

मला काही कळेना. “मी कधी येत होते आप्पा? तो बोलतो. गावातली माणसं बोलतात.”

“आन् तू हं म्हणत हुतीस की,” आप्पा म्हणाले. “त्यो गुळव्या बोलत हुता तवा नव्हती का तू? वरवंडची म्हातारी रडली तवा म्हणालीस, हं हं. सगळ्यांत आसायचीस. आता माणसं बोलत्यात आन् तू न्हाईसच. मला वाटलं, काढलं.”

इतकी वर्षं हा माणूस चांगला कान डब्याला लावून माझ्या हंची वाट बघत बसत होता आणि मला पत्ता नव्हता. समोरचे मामा सेलवरून चिडवत होते तेव्हा यांनी माझं हं ऐकलेलं असायचं, आणि सांगणार कुणाला? पोरगी रेडिओवर हं म्हणते, हे काय पारावर सांगण्यासारखं आहे? मग मला आठवले मखमल्याच्या टेबलाखालचे टेपचे तुकडे. मावशी ते केरात न्यायची, तेव्हा ती आप्पांचं काय काय नेत होती!

रडू वगैरे आलं नाही. संताप आला. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला येताना गाडीत खिडकीशी बसून मखमल्याला मनातल्या मनात जे काही बोलले, ते केंद्रावरून प्रसारित करता आलं नसतं. गमतीचा भाग असा की त्याची यात काडीचीही चूक नव्हती. त्यानं त्याचं काम उत्तम केलं होतं. तेच तर मला सहन होत नव्हतं.

मी त्याला जाऊन सांगू शकले असते. अहो, एक ठेवा, माझ्या वडिलांसाठी. त्यानं नक्की ठेवला असता, वर हळवा झाला असता, आणि निवेदनात त्यावर दोन सुंदर वाक्यं त्या मखमली आवाजात टाकली असती. म्हणजे तेसुद्धा त्याचंच झालं असतं. मी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात राहूला जायचं होतं. पहिला गुळव्या आता थकला होता, त्याचा मुलगा काहिलीवर उभा होता. मी सुपारीएवढा माइक त्याच्या कॉलरला लावला आणि त्याच्या अगदी पुढ्यात बसले. तो बोलायला लागला आणि मी माझा दौंडचा आवाज काढला, गाडी जात असतानाचा. दोन वाक्यांच्या मधे एकदाही हं म्हटलं नाही. शब्दावर म्हटलं. बरोब्बर शब्दाच्या डोक्यावर. तो म्हणाला रस, मी म्हटलं हं. तो म्हणाला तार, मी म्हटलं हं. माझं बघून तोही आवाज चढवायला लागला, आणि माणूस असा रंगला की रस उतू जायची वेळ आली.

मखमल्या कॉम्प्युटरपुढं बसून डोकं धरायचा बाकी राहिला. “अहो बाई, हा काय प्रकार? टेकडी नाहीच, सगळं डोंगरातच शिरलंय. सगळ्या वाक्यांवर बसलात तुम्ही.”

“गुऱ्हाळावर असंच बोलावं लागतं,” मी म्हटलं.

“कापताच येत नाहीये काही.”

“मग नका कापू.”

बोलणं इतकं झकास होतं की टाकवेना. त्यानं तसंच घेतलं. पहिल्यांदाच मला त्याच्या मऊ आवाजात एक बारीक खरखर ऐकू आली, आणि ती फार गोड वाटली.

त्या गुरुवारी मी रजा टाकली आणि दौंडला निघाले. मी दर गुरुवारी पुढच्या कार्यक्रमाच्या कामात अडकलेली असायचे, त्यामुळं आप्पांबरोबर बसून तो कार्यक्रम मी एकदाही ऐकला नव्हता. त्या दिवशी नेमकी गाडी वाटेत सिग्नलला खोळंबली. मी स्टेशनवरून जवळजवळ पळत घरी आले. गल्लीच्या तोंडाशीच मला गुळव्याच्या मुलाचा आवाज ऐकू आला. आप्पांनी रेडिओ पूर्ण मोठा केला होता. समोरचे मामा दारात उभे राहून ऐकत होते. आप्पा खाटेवर डबा चांगल्या कानाशी धरून, डोळे मिटून बसले होते.

मी चपला काढत म्हटलं, “आप्पा, गाडी लई...”

त्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

“गप. तू बोलतीयास.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. गुळव्याचा मुलगा रसाबद्दल बोलत होता आणि त्याच्या प्रत्येक शब्दावर कुणीतरी हाक मारल्यासारखं हं म्हणत होतं. आप्पांची मान त्या हंबरोबर हलत होती. मग बोलणं संपलं, बासरी वाजली, आणि मखमल्या आला. “श्रोतेहो, गुळाची ही गोडी...”

आप्पांनी लगेच रेडिओचा कान पिळला. मखमल्याचा आवाज डासाएवढा झाला. त्यांनी डबा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“हां, आता बोल. त्यो पुन्यांदा गुळव्याला बोलवस्तवर येळ हाय. गाडीला का उशीर झाला?”